तिसरा ह्यूज: थोरल्या भावांच्या मागून आलेल्या खेळाडूचे मूल्यमापन

२३ जुलै २०२१ रोजी नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, वार्षिक ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ तरुण खेळाडूंना क्रमाक्रमाने निवडून घेतात त्या कार्यक्रमात, न्यू जर्सी डेव्हिल्स या संघाने चौथ्या क्रमांकावर ल्यूक ह्यूज या सतरा वर्षांच्या बचावपटूची निवड केली. ल्यूकचा सर्वांत थोरला भाऊ क्विन २०१८ साली सातव्या क्रमांकावर व्हँकुव्हर कनक्सकडे गेला होता, तर मधला जॅक २०१९ साली पहिल्याच क्रमांकावर निवडला गेला होता, आणि तोही याच न्यू जर्सीकडे. एकाच अमेरिकी कुटुंबातील तीन भाऊ पहिल्या फेरीत निवडले जाण्याची ही पहिलीच वेळ होती. महासाथीमुळे निवडीचा कार्यक्रम सभागृहाऐवजी दूरदृश्य पद्धतीने झाला आणि नाव पुकारले जाताच जॅकने केलेला जल्लोष घराघरांतल्या पडद्यांवर दिसला.

या निवडीचा अभ्यास करण्याजोगा भाग जल्लोषाच्या आधीचा आहे. ल्यूकविषयी जे माहीत आहे असे स्काउट मंडळींना, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांना, वाटत होते, त्यातले किती ल्यूकने स्वतः बर्फावर दाखवले होते आणि किती क्विन व जॅक यांनी दाखवलेले त्याच्या खात्यावर जमा झाले होते, हा मूल्यमापनाचा खरा प्रश्न होता. पुढील मांडणी त्या दिवसापर्यंत सर्वांसमोर असलेल्या माहितीवर आधारलेली आहे. नंतर काय घडले ते शेवटी स्वतंत्रपणे घेतले आहे, कारण निकाल ठाऊक झाल्यावर केलेले मूल्यमापन नेहमीच प्रत्यक्षाहून शहाणे दिसते.

घर आणि त्याचा नेमका उपयोग

ह्यूज भावांच्या घरात हॉकी दोन्ही बाजूंनी होती. आई एलन वाइनबर्ग-ह्यूज अमेरिकेच्या महिला राष्ट्रीय संघाकडून १९९२ च्या जागतिक स्पर्धेत खेळल्या आणि त्या संघाने रौप्यपदक मिळवले. वडील जिम ह्यूज हे व्यावसायिक प्रशिक्षक. पुढे टोरांटो मेपल लीफ्स संघात तरुण खेळाडूंच्या विकासाचे काम त्यांच्याकडे होते. त्यामुळे मुलांचे बालपण टोरांटो परिसरात, म्हणजे जिथे हिवाळ्यात बर्फाच्या मैदानांची वानवा नसते अशा ठिकाणी गेले. तिघांच्याही खेळात स्केटिंगचा जो दर्जा दिसतो, म्हणजे ब्लेडच्या कडांवरचा ताबा, वेग न गमावता वळण घेणे, खांदा एकीकडे झुकवून पाय दुसरीकडे नेणे, त्याचे मूळ या घरात आहे असे मानायला भरपूर जागा आहे.

मात्र इथेच मूल्यमापनातली पहिली गफलत होते. घराचा हा सगळा लाभ मुलाच्या पायांत आधीच उतरलेला असतो. स्काउटने ल्यूकला दहा सामन्यांत पाहून त्याच्या स्केटिंगला वरचे गुण दिले, तर त्या गुणांत आईची शिकवण, वडिलांचा व्यवसाय आणि भावांबरोबरचा सराव हे सगळे समाविष्ट झाले आहे. त्यानंतर ‘शिवाय तो ह्यूज आहे’ म्हणून आणखी थोडे गुण वाढवणे म्हणजे एकच पुरावा दोनदा मोजणे होय. भावंडांची माहिती उपयोगी पडते ती खेळाडूच्या ज्या बाजूविषयी प्रत्यक्ष निरीक्षण कमी आहे तिथेच. ल्यूकच्या बाबतीत अशी बाजू होती, पण ती स्केटिंगची नव्हती; ती वाढीच्या गतीची होती. सोळा ते वीस या वयात या घरातली मुले कोणत्या टप्प्यावर कशी बदलली, हे सांगणारी दोन उदाहरणे उपलब्ध होती, आणि भावांकडून घेण्यासारखे खरे ज्ञान तेवढेच होते.

पाच आठवडे आणि दहा महिने

लीगच्या नियमानुसार ज्या खेळाडूला त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षे पूर्ण होतात तो त्या वर्षीच्या ड्राफ्टला पात्र ठरतो. ल्यूकचा जन्म ९ सप्टेंबर २००३ चा. सहा दिवसांच्या फरकाने तो २०२१ च्या तुकडीत आला. आणखी आठवडाभराने जन्मला असता तर त्याचा विचार २०२२ मध्ये झाला असता. क्विनचा जन्म १४ ऑक्टोबर १९९९ चा, म्हणजे तो या रेषेच्या नेमका पलीकडे पडला आणि त्याची निवड २०१७ ऐवजी २०१८ मध्ये झाली. निवडीच्या दिवशी क्विन अठरा वर्षे आठ महिन्यांचा होता. ल्यूकला अठरावे वर्ष पूर्ण व्हायला अजून दीड महिना होता. दोघांना ‘ड्राफ्टच्या वर्षातला खेळाडू’ असे एकच लेबल लावले गेले, पण त्या दोन मुलांमध्ये दहा महिन्यांचे अंतर होते, आणि या वयात दहा महिन्यांत खांदे रुंदावतात, उंची वाढते, एक अख्खा हंगाम खेळून होतो.

म्हणून भावाभावांची तुलना करायचीच तर ती वयाला वय लावून केली पाहिजे. ते इथे चांगले साधते, कारण क्विन आणि ल्यूक दोघेही मिशिगन राज्यातल्या प्लिमथ येथील राष्ट्रीय युवा विकास कार्यक्रमातून पुढे आले आणि त्यांचे वाढदिवस वर्षचक्रात केवळ पाच आठवड्यांच्या अंतराने येतात. क्विन २०१६-१७ च्या हंगामात अठरा वर्षांखालील संघात खेळत होता तेव्हा त्याने ६५ सामन्यांत ५३ गुण मिळवले; या खेळात गोल आणि गोलला साहाय्य या दोन्हींसाठी प्रत्येकी एक गुण धरतात. ल्यूकने २०२०-२१ मध्ये त्याच संघातून, जवळपास त्याच वयात, ३८ सामन्यांत ३४ गुण मिळवले. सामन्यामागे क्विनचे सुमारे ०.८२ आणि ल्यूकचे ०.८९. संघसहकारी वेगळे होते आणि महासाथीच्या हंगामात प्रतिस्पर्धी संघांचे वेळापत्रकही नेहमीचे नव्हते, त्यामुळे धाकटा थोरल्यापेक्षा सरस असा निष्कर्ष या फरकातून काढणे चुकीचे ठरेल. त्या वयाला तो थोरल्याच्या मागे नव्हता, एवढेच यातून खात्रीने म्हणता येते, आणि मूल्यमापनासाठी तेवढे पुष्कळ आहे.

क्विनला या टप्प्यानंतर निवडीपूर्वी आणखी एक वर्ष मिळाले. त्या वर्षी तो मिशिगन विद्यापीठाकडून ३७ सामने खेळला, २९ गुण मिळवले आणि २०१८ च्या वसंतात अमेरिकेच्या वरिष्ठ संघातून जागतिक स्पर्धेतही उतरला. व्हँकुव्हरने सातव्या क्रमांकावर निवडलेला क्विन हा असा प्रौढ झालेला क्विन होता. त्याची प्रतिमा डोळ्यांपुढे ठेवून सतरा वर्षांच्या ल्यूककडे पाहिले की ल्यूक कच्चा वाटणारच. भावाच्या यशामुळे धाकट्याचे मोल फुगते असे सर्रास मानले जाते. या प्रकरणात वयाचा हिशेब न धरणाऱ्याच्या नजरेत तेच यश ल्यूकचे मोल खाली ओढणारे होते.

हाच मुद्दा त्याच्या स्पर्धकांनाही लागू होतो. पहिल्या क्रमांकावर बफेलोने घेतलेला बचावपटू ओवेन पॉवर नोव्हेंबर २००२ चा. दुसऱ्या क्रमांकावर सिअॅटलने घेतलेला मॅटी बेनिअर्सही नोव्हेंबर २००२ चा, तर पाचव्या क्रमांकावर कोलंबसने घेतलेला केंट जॉन्सन ऑक्टोबर २००२ चा. तिघेही तो हंगाम मिशिगन विद्यापीठाकडून खेळले होते आणि ल्यूक पुढच्या हंगामात तिथेच जाणार होता. म्हणजे पहिल्या पाचांपैकी तिघे ल्यूकपेक्षा एक पायरी पुढे गेल्यावर जोखले गेले.

जे भावांकडून कळत नाही

ल्यूकची उंची निवडीच्या वेळी सहा फूट दोन इंच होती. क्विन पाच फूट दहा इंचांचा आहे. आपल्या गोलजाळीसमोर उभ्या असलेल्या धिप्पाड प्रतिस्पर्ध्याला बाजूला ढकलणे, भिंतीलगत पकसाठी, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीसाठी, झटापट करणे, लांब हातांनी काठी पुढे करून हल्ला मोडणे या कामांत चार इंच फार मोठे असतात. क्विन आपली बचावाची कामे पळून आणि ओळखून करतो. ल्यूक ती वेगळ्या साधनांनी करू शकणार होता, पण त्या साधनांचा वापर त्याला अजून पुरता जमला नव्हता. त्याच्या खेळातले दुबळे अंग स्वतःच्या क्षेत्रातच, म्हणजे आपल्या गोलजवळच्या भागात होते: दबाव आल्यावर पक मधल्या पट्ट्यातून खेळवण्याचा मोह, हल्ल्यात पुढे गेल्यावर परतायला होणारा उशीर, आणि आपल्या वेगावर इतका विश्वास की चूक झाली तरी भरून काढू अशी बेफिकिरी. स्काउट जेव्हा अशा खेळाडूविषयी ‘क्विनही असाच होता, सुधारला’ असे म्हणतो, तेव्हा तो निरीक्षण थांबवतो. क्विन कशामुळे सुधारला आणि तीच कारणे या वेगळ्या देहयष्टीच्या मुलाला लागू पडतील का, हे पुढचे प्रश्न मग विचारलेच जात नाहीत.

जॅकशी तुलना तर आणखी निसरडी. जॅक आघाडीचा खेळाडू आहे, ल्यूक बचावपटू. दोन्ही जागांवरच्या कामाचे मोजमाप वेगळे. जॅकने प्लिमथच्या कार्यक्रमात विक्रमी गुण मिळवले होते, आणि तरीही १८ व्या वर्षी थेट लीगमध्ये उतरल्यावर पहिल्या हंगामात ६१ सामन्यांत त्याचे फक्त २१ गुण झाले. दुसऱ्या हंगामात ५६ सामन्यांत ३१. जुलै २०२१ मध्ये जॅकला ‘यशस्वी थोरला भाऊ’ म्हणणे हे पुष्कळ अंशी भाकीतच होते. क्विनने पहिल्या हंगामात ५३ गुण मिळवून नवोदितांत आघाडी घेतली होती आणि वर्षातील सर्वोत्तम नवोदिताच्या काल्डर करंडकाच्या मतदानात तो दुसरा आला होता. पण लगेचच्या २०२०-२१ हंगामात बचावातल्या चुकांमुळे त्याच्यावरही टीका झाली. सांगायचे असे की ज्या मापाने ल्यूकला मोजायचे ते मापच अजून स्थिर झालेले नव्हते. भावंडांच्या तुलनेतला हा दोष सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण थोरल्याचे नाव झाले की त्याची कारकीर्द पूर्ण झाल्यासारखी वाटू लागते.

इतर भाऊ

थोरल्याचे आडनाव किती वजनाचे असते याची सर्वांत उपयुक्त परीक्षा स्टाल कुटुंबात होते. एरिक स्टाल २००३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर कॅरोलायनाकडे गेला आणि २००५-०६ मध्ये १०० गुण मिळवून त्याने संघाला स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकून देण्यात मोठा वाटा उचलला. तो करंडक उचलल्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच झालेल्या ड्राफ्टमध्ये धाकटा जॉर्डन दुसऱ्या क्रमांकावर पिट्सबर्गने घेतला. जॉर्डनने पहिल्याच हंगामात २९ गोल केले, पण त्यानंतर तो कधीही तिशीपर्यंत पोहोचला नाही. त्याने नाव कमावले ते प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम आघाडीला रोखणारा केंद्रस्थानचा खेळाडू म्हणून. भावाच्या साच्यात तो बसला नाही, तरी निवड वाया गेली असेही कोणी म्हणणार नाही. मार्क २००५ मध्ये बाराव्या क्रमांकावर गेला आणि दीर्घकाळ टिकला. सर्वांत धाकटा जॅरेड २००८ मध्ये ४९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि लीगमध्ये दोन सामने खेळला. एक घर, एकच घरचा बर्फ, चार वेगळे निकाल.

या लीगचा सर्वकालीन महान खेळाडू मानल्या जाणाऱ्या वेन ग्रेट्झ्कीचे दोन धाकटे भाऊ हे या विषयातले ठरलेले उदाहरण. कीथला १९८५ मध्ये बफेलोने ५६ व्या क्रमांकावर घेतले, पण तो लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. ब्रेंटला १९९२ मध्ये टँपा बेने ४९ व्या क्रमांकावर घेतले आणि तो तेरा सामन्यांत एक गोल व तीन साहाय्ये एवढ्यावर थांबला. हे उदाहरण देणारे मात्र एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे पन्नासाव्या क्रमांकाच्या आसपास निवडलेल्या कोणत्याही खेळाडूची लीगमध्ये बस्तान बसवण्याची शक्यता मुळातच कमी असते. ब्रेंट आणि जॅरेड यांच्याविषयी आडनाव फसले म्हणण्यापेक्षा त्या क्रमांकाचा जो नेहमीचा निकाल असतो तोच लागला, असे म्हणणे योग्य. धाकटा थोरल्याच्या मागेच राहतो हेही गृहीत धरता येत नाही. मैदानी हॉकीत मुंबईचा युवराज वाल्मीकी आधी प्रसिद्ध झाला, भारताकडून खेळला, पण २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या संघात जागा मिळाली ती धाकट्या देविंदरला.

ज्या वर्षी कोणी फारसे पाहिलेच नाही

२०२०-२१ हे वर्ष मूल्यमापनासाठी विचित्र होते. ऑन्टारिओ हॉकी लीग या कॅनडातल्या कनिष्ठ वयोगटाच्या स्पर्धेचा संपूर्ण हंगाम रद्द झाला. तिथले काही खेळाडू युरोपात जाऊन खेळले. तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला मेसन मॅक्टॅविश स्वित्झर्लंडला गेला होता. बाकीचे घरी बसले. ल्यूकचा हंगाम सुरू होता, पण मार्चमध्ये स्केटच्या पात्याने पायाचा स्नायुबंध कापला गेला, शस्त्रक्रिया झाली आणि वसंतात टेक्सासमध्ये झालेल्या अठरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेला तो मुकला. इतर वर्षी स्काउट मंडळी ज्या स्पर्धेत शेवटची खात्री करून घेतात तीच त्याच्या बाबतीत हाती लागली नाही.

अशा वेळी घराण्याच्या माहितीचे वजन वाढणे तर्काला धरून आहे. प्रत्यक्ष पुरावा जितका अपुरा, तितका पूर्वीचा अंदाज निर्णयावर अधिक प्रभाव टाकतो, आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न उरतो तो न्यायाचा. त्याच तुकडीत वायट जॉन्स्टन नावाचा एक मुलगा होता. ऑन्टारिओचा हंगाम बुडाल्याने तो टेक्सासच्या स्पर्धेखेरीज फारसा कोणाला दिसलाच नाही. आणि न पाहिलेल्या महिन्यांची पोकळी भरून काढायला लीगमध्ये खेळणाऱ्या भावाचे आडनावही त्याच्यापाशी नव्हते. डॅलसने त्याला २३ व्या क्रमांकावर घेतले. आज त्या तुकडीची पुन्हा निवड झाली तर तो पहिल्या काहींत असेल. २०२३-२४ च्या हंगामात त्याने ३२ गोल केले. माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत बोधक नाव त्याचे आहे. त्या वर्षी ल्यूकच्या मूल्यमापनात चूक झाली नाही. पण ज्यांच्याविषयी काहीच ठाऊक नव्हते त्यांच्या वाट्याला संशयाचा फायदा आला नाही, आणि ल्यूकच्या वाट्याला तो अनायासे आला.

भाऊ आधीच संघात असेल तर

न्यू जर्सीसाठी प्रश्न आणखी एका कारणाने अवघड होता: जॅक त्यांच्याच संघात होता. व्यवस्थापक टॉम फिट्झजेराल्ड यांच्यापुढे ल्यूकचा खेळ आणि जॅकचे समाधान या दोन गोष्टी एकत्र येणे अटळ होते. या दोन गोष्टी वेगळ्या नोंदवहीत लिहिणे आवश्यक ठरते. भाऊ एकत्र आल्याने संघाला लाभ होतोच असा अनुभव नाही. जॉर्डन स्टाल २०१२ मध्ये पिट्सबर्गहून कॅरोलायनात एरिककडे आला, दोघे साडेतीन हंगामांहून अधिक काळ एकत्र खेळले आणि त्या काळात संघ एकदाही बाद फेरीपर्यंत पोहोचला नाही. शेवटी २०१६ मध्ये एरिकलाच दुसरीकडे पाठवावे लागले. त्यात भावांचा दोष होता असे नाही; संघच कमकुवत होता. पण भावांना एकत्र आणणे हा संघबांधणीचा पर्याय होत नाही, हे तिथे दिसले.

त्याच वेळी जॅकच्या उपस्थितीचा एक खरा उपयोग होता, आणि तो निवडीनंतरचा होता. अठराव्या वर्षी थेट लीगमध्ये उतरवलेल्या हलक्या अंगकाठीच्या मुलाचे पहिले वर्ष कसे जाते हे न्यू जर्सीने जॅकच्या रूपाने नुकतेच पाहिले होते. ल्यूक दोन वर्षे विद्यापीठात राहिला. थोरल्या भावाकडून घेतलेली ही माहिती गुणवत्तेच्या अंदाजासाठी नव्हे तर वेळापत्रकासाठी वापरली गेली, असे ते वाचता येते, आणि माझ्या दृष्टीने भावंडांच्या माहितीचा तोच अधिक विश्वासार्ह उपयोग आहे.

पुढे

मिशिगनमधल्या पहिल्या हंगामात ल्यूकने ४१ सामन्यांत १७ गोलांसह ३९ गुण मिळवले. लक्षात घ्यावे की हे त्याचे, वयाच्या हिशेबाने, क्विनच्या निवडीच्या वर्षाशी जुळणारे वर्ष आहे. क्विनचे त्या वर्षी ३७ सामन्यांत २९ गुण होते. आठवडाभर उशिरा जन्मलेला ल्यूक २०२२ मध्ये हे आकडे घेऊन आला असता तर चौथ्याच्या वरच जागा मिळवता असे मला वाटते. दुसऱ्या हंगामात ३९ सामन्यांत ४८ गुण. एप्रिल २०२३ मध्ये तो न्यू जर्सीत दाखल झाला आणि दुसऱ्याच सामन्यात वॉशिंग्टनविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल केला. २०२३-२४ मध्ये सर्व ८२ सामने खेळून ४७ गुण मिळवत तो काल्डर करंडकाच्या अंतिम तिघांत आला. त्याच हंगामात क्विनने ९२ गुण मिळवून सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक जिंकला, आणि ल्यूकविषयीच्या अपेक्षांचे माप पुन्हा एकदा वर सरकले.

ल्यूकच्या खेळातले बलाबल मात्र २०२१ च्या निरीक्षणाशी बरेच जुळणारे राहिले. पक घेऊन मैदान ओलांडण्यात तो लीगमधल्या मोजक्या बचावपटूंपैकी एक आहे. स्वतःच्या क्षेत्रात दबावाखाली घेतलेल्या निर्णयांवर अजूनही बोट ठेवले जाते. उंचीचा जो फायदा कागदावर मोठा दिसत होता तो बचावात अपेक्षेइतका उतरलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यू जर्सीने त्याच्याशी सात वर्षांचा, वर्षाला नव्वद लाख डॉलरचा करार केला. तो करार होत असताना क्विनही एक दिवस भावांकडे येईल अशी चर्चा जोरात होती. डिसेंबरमध्ये व्हँकुव्हरने क्विनला मिनेसोटाकडे पाठवले.